भुशाच्या पिशवीचा अर्ज

माईंनी चहाचा कप अप्पांपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "आज सागवानी आहे."

अप्पांनी कपात डोकावून पाहिलं. सायीच्या जागी एक पिवळसर, नाजूक थर तरंगत होता.

"गाळून घ्यायचा ना," ते म्हणाले.

"गाळलाय. दोनदा. तिसऱ्यांदा गाळला तर चहा वर राहतो आणि तुमचं लाकूड खाली येतं."

ही गोष्ट टेलिफोन भिंतीशी बांधलेले असायचे आणि माणसं त्यांच्याशी उभी राहून बोलायची, त्या काळातली. अप्पा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात कोपऱ्याला एक खोली होती आणि त्या खोलीत एक करवत. हातातली नव्हे. लोखंडी मेजाच्या पोटातून गोल पातं वर आलेलं, विजेवर चालणारी. बटण दाबलं की ती अशी किंचाळायची, की रस्त्यावरची माणसं वर बघायची. माई तिला 'धाकटी' म्हणत. "धाकटीकडे जाऊन आलात की हात धुऊन जेवायला बसा," असं पाहुण्यांसमोर म्हणत आणि पाहुण्यांना काही खुलासा करत नसत.

धाकटीचा आवाज माईंनी सोसला. भुसा सोसवेना. तो उशीत होता, साखरेत होता, देवघेवीच्या भांड्यांतून शेजाऱ्यांकडे जात होता. अप्पांना मात्र तो दिसतच नसे. चौतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली होती. जुन्या फायलींतली धूळ नाकाला अशी सवयीची झालेली, की स्वच्छ हवेत त्यांना शिंका येत. धूळ ही त्यांच्या लेखी तक्रारीची बाब नव्हती, जुन्या नोकरीतली सहकारी होती.

पण त्याच दिवशी दुपारी मुलीचा फोन आला.

"माई, आम्ही वीस तारखेला येतोय. मी आणि छोटी. आठ दिवस." मग जरा थांबून, "तिच्या खोकल्याचं तुला ठाऊक आहेच. डॉक्टर म्हणाले, धुळीचा कणसुद्धा नको. अप्पांचं ते मशीन अजून चालू आहे का?"

माई खोटं बोलल्या असत्या, पण त्यांच्या मागे धाकटीने गळा काढला होता.

"कळलं," मुलगी म्हणाली. "मग मी आत्याकडे उतरते. रोज येऊन जाऊ भेटायला. अप्पांना वाईट वाटेल, पण तू सांग समजावून."

अप्पांना वाईट वाटलं नाही. अप्पांना लागलं. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण, अक्का. दोन रस्ते पलीकडे राहायची. तिच्या घरी पायपुसण्यालाही पायपुसणं होतं. लहानपणापासून तिची पाटी स्वच्छ, अप्पांची पुसट. तिच्या वह्यांना कव्हर, अप्पांच्या वह्यांना कान. आता नातही तिच्याकडेच उतरणार. आणि त्या नातीसाठीच अप्पा त्या खोलीत दोन महिने एक छोटा पलंग करत होते, चारी बाजूंना कठडे असलेला, झोपेत पडू नये असा. तीन कठडे झाले होते.

"चार वर्षांची आहे ती," अप्पा माईंना म्हणाले. "पुढच्या वर्षी त्या पलंगात मावायची नाही."

"मग भुसा बंद करा."

"लाकूड कापलं की भुसा पडणारच."

"पडू दे. पण तुमच्या खोलीत पडू दे. माझ्या साखरेत नको."

मागणी रास्त होती. अप्पांनी त्याच संध्याकाळी एक कोरी फाइल काढली, तिच्यावर 'भुसा: विल्हेवाट' असं लिहिलं आणि कामाला लागले. वीस तारखेला अठरा दिवस होते.

पहिला उपाय सोपा होता. घरात व्हॅक्यूम क्लीनर होता, जावयाने दिलेला. करवतीच्या मागच्या बाजूला भुसा बाहेर पडायचं एक तोंड होतं. त्याला व्हॅक्यूमची नळी लावली, चिकटपट्टी गुंडाळली, दोन्ही बटणं दाबली. भुसा सरळ नळीत गेला. अप्पांनी माईंना हाक मारली. माई येऊन उभ्या राहिल्या, तोवर चार मिनिटं झाली होती आणि व्हॅक्यूमची पिशवी भरली होती. भरलेल्या पिशवीतून जाडा भुसा बाहेर येईना, पण बारीक येत होता. व्हॅक्यूमच्या पाठीमागच्या जाळीतून तो पावडरीसारखा उडत होता आणि आजवर जिथे कधी पोचला नव्हता तिथे पोचत होता.

"आधी हा जमिनीवर असायचा," माई नाकाला पदर लावून म्हणाल्या. "तुम्ही त्याला उडायला शिकवलंत."

आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक खाली आले. ते पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते आणि विद्यार्थ्यांच्या शोधात असत.

"अप्पासाहेब, तुमची मूळ कल्पनाच चुकली," त्यांनी उंबऱ्यातूनच सांगितलं. "भुसा अडवायचा नसतो. फिरवायचा असतो. वावटळ बघितली आहे का? हवा गोल फिरते, जड ते खाली पडतं, हलकं वर जातं. मध्ये एक डबा ठेवा. हवा कडेने आत सोडा, मधून वर ओढा. भुसा डब्यात, शुद्ध हवा व्हॅक्यूममध्ये. तुम्हाला आकृती काढून देतो."

आकृती त्यांनी काढली आणि ती खरोखर सुंदर होती. तिच्यात फक्त डबा कुठून आणायचा हे नव्हतं. ते अप्पांना ठाऊक होतं. माईंचा तांदळाचा डबा पत्र्याचा, उंच, गोल आणि घट्ट झाकणाचा होता. तांदूळ त्यांनी दोन उशांच्या अभ्र्यांत काढून ठेवले आणि झाकणाला दोन भोकं पाडली.

हे सांगायलाच हवं, की प्राध्यापकांची वावटळ चालली. पहिल्या फळीचा भुसा शहाण्यासारखा डब्यात गेला. दुसऱ्या फळीच्या वेळी लाकडाचा एक ढलपा नळीत अडकला. व्हॅक्यूम ओढत राहिला. नळीतून हवा येईना, तेव्हा त्याने ती डब्यातूनच ओढली, आणि तांदळाचा डबा एकदम "धप्प" करून आत बसला. कोणी लाथ घालावी तसा नव्हे, मुठीत कागद चुरगाळावा तसा.

प्राध्यापक आनंदले. "वातावरणाचा दाब," ते म्हणाले. "हा प्रयोग मी वर्गात करायचो. इतका छान कधी झाला नाही."

माईंनी डबा उचलला, त्याच्याकडे एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने पाहिलं आणि काही न बोलता स्वयंपाकघरात ठेवून आल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अप्पांना पुढचे दोन दिवस वाटत होतं.

तिसरा सल्ला खालून आला. तळमजल्यावर, बरोबर त्या खोलीखाली, एका बाईंचं शिवणकामाचं दुकान होतं. त्या कमी बोलत आणि बोलताना तोंडातल्या टाचण्या काढत नसत.

"भुसा घरात ठेवायचाच कशाला?" त्या म्हणाल्या. "बाहेर काढा. मी एक मोठी पिशवी शिवून देते, दुहेरी कापडाची. हवा कापडातून निघून जाईल, भुसा आत राहील. खिडकीबाहेर टांगा. भरली की रिकामी करा."

"पण व्हॅक्यूमला एवढा जोर नाही."

"मग मोठा पंखा आणा. भंगारवाल्याकडे असेल."

भंगारवाल्याकडे होता. एका लोहाराच्या भट्टीतला, शंखासारख्या आकाराचा, गंजलेला पण गरगरीत. दोन हमालांनी तो वर आणला. अप्पांनी तो खोलीत बसवला, करवतीपासून पंख्यापर्यंत जाड प्लॅस्टिकचा पाइप टाकला आणि पंख्याचं तोंड कोणतं, शेपूट कोणती यावर फारसा विचार न करता बटण दाबलं. पंख्याने ओढलं नाही. फुंकलं. करवतीच्या पोटात वर्षभराचा भुसा साठला होता, तो एका दमात वर आला. तो खाली बसल्यावर खोलीच्या मध्यभागी अप्पा उभे होते, नखशिखांत पिवळे, डोळे मिटलेले, एखाद्या चौकात बसवावेत तसे.

"अहो," माई दारातून म्हणाल्या, "हार आणू का?"

पाइप उलटा करून लावला. पंखा ओढू लागला. पण आता पाइपला हात लागला की झटका बसे. अप्पांना बसला, माईंना चहा देताना बसला, वीजबिलाबद्दल काही सांगायला आलेल्या प्राध्यापकांनाही बसला. भुसा प्लॅस्टिकवर घासला की वीज तयार होते, असं त्यांनी बोट चोळत समजावलं आणि पाइपभोवती तांब्याची तार गुंडाळून ती जमिनीत पुरायला सांगितली. अप्पांनी तार गुंडाळली आणि पुढचं टोक नळाला बांधलं. दुसऱ्या दिवशी पाइपचे झटके बंद झाले, पण पाणी सोडताना माई हाताला रुमाल गुंडाळू लागल्या. विश्वास असा एकदा गेला की परत यायला वेळ लागतो.

मग पिशवी आली. बाईंनी ती जुन्या पडद्याच्या कापडाची शिवली होती, मोठमोठ्या लाल फुलांची, आणि इतक्या बारीक टाक्यांची की अप्पांनी ती दोनदा उलटून पाहिली. खिडकीबाहेर लोखंडी कड्यात टांगली. पंखा सुरू झाला, पिशवीने एक उसासा टाकला आणि ती फुगू लागली. फुगता फुगता ती माणसाएवढी झाली. खालून बघणाऱ्याला वाटावं, पहिल्या मजल्यावरून कोणी जाडजूड बाई फुलाफुलांचा झगा घालून रस्ता बघायला ओणवी झाली आहे.

आणि खोलीत भुसा नव्हता. अप्पांनी एक फळी कापली, दुसरी कापली, मेजावर बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. माईंनीही फिरवलं. मग त्या आत गेल्या, कपात चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आज नुसताच आहे."

नऊ दिवस उरले होते. चौथा कठडा दोन दिवसांचं काम. इथे एखाद्या साध्या माणसाची गोष्ट संपली असती. पण अप्पा चौतीस वर्षं कागदांत राहिले होते. संध्याकाळी ते रस्त्यावर उतरले, खाली उभं राहून पिशवीकडे बघत राहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ही फुगल्यावर अडीच फूट पुढे येते," ते वर येऊन म्हणाले. "खाली रस्ता सार्वजनिक आहे."

"मग?"

"परवानगी घ्यायला हवी."

माईंनी हातातलं काम खाली ठेवलं. "कोणी विचारलं आहे का?"

"उद्या कोणी विचारलं तर?"

"तर उद्या बघू."

"उद्या बघू म्हणणाऱ्यांच्या फायली मी आयुष्यभर सांभाळल्या आहेत, अगं. त्यांचं पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे."

अर्ज त्यांनी रात्रीतून नव्हे, सकाळी अंघोळ करून लिहिला. विषय: खिडकीबाहेर भुशाची कापडी पिशवी टांगण्यास परवानगी मिळणेबाबत. मजकुरात त्यांनी काही लपवलं नाही. 'सदर पिशवी यंत्र चालू असता सुमारे अडीच फूट पुढे येते व यंत्र बंद असता मुकाट्याने लोंबते,' असं लिहिलं. 'मुकाट्याने' खोडून पुन्हा लिहिलं, कारण ते खरं होतं.

नगरपालिकेच्या कचेरीत बांधकाम विभागाने विचारलं, "भिंतीला पक्कं जोडलं आहे का?"

"कड्यात अडकवलं आहे."

"कापडाचं? मग बांधकाम नाही. अतिक्रमणला द्या."

अतिक्रमणने विचारलं, "जमिनीला टेकतं का?"

"नाही. हवेत असतं."

"हवा आमच्याकडे नाही."

बऱ्याच विचारानंतर अतिक्रमणच्या कारकुनाला आठवलं, की फुगणाऱ्या वस्तू जाहिरात विभागाकडे असतात. दुकानांवर मोठे फुगे लावतात, त्यांच्यासाठी तिथे स्वतंत्र नमुना होता. जाहिरातच्या कारकुनाने तो काढला.

"जाहिरात कशाची?"

"कशाचीच नाही."

"त्यावर काय लिहिलं आहे?"

"फुलं आहेत."

कारकुनाने 'फुले' असं लिहिलं. पुढचा रकाना 'फुगण्याचे कारण' असा होता. अप्पांनी करवतीचं सांगितलं, तसा त्याने पेन ठेवला. "मशीन आहे? मग हा कारखाना झाला. तपासणीस येऊन पाहून जातील. आणि आजोबा, एक सांगा. परवानगी कशाला मागताय? आम्ही वर बघतच नाही."

अप्पांना हे फार लागलं. त्यांच्या खात्यात असं कोणी बोललं असतं तर त्यांनी लेखी खुलासा मागवला असता. त्यांनी समोरच्या फायलीकडे पाहिलं. तिची नाडी कशीतरी गाठ मारून बांधलेली होती. न राहवून त्यांनी ती सोडली, नीट बांधली आणि अर्जाची पोच घेतली. पोचेवर खाली छापलं होतं: निर्णय होईपर्यंत वापर बंद ठेवावा.

अप्पांनी घरी येऊन वापर बंद ठेवला.

"म्हणजे?" माईंनी विचारलं. "पलंग?"

"निर्णय झाल्यावर."

"आणि निर्णय वीस तारखेनंतर झाला तर?"

अप्पांनी पोच फायलीत लावली. तीन कठड्यांचा पलंग भिंतीशी उभा होता. एक बाजू उघडी, जणू मूल तिथूनच पडणार हे ठरलेलं. खिडकीबाहेर पिशवी मुकाट्याने लोंबत होती आणि तिच्या खाली बाईंच्या दुकानाची पाटी झाकली गेली होती. पिशवी त्यांनीच शिवलेली असल्यामुळे त्यांना तक्रारही करता येईना. दोन दिवस त्यांनी टाचण्या जास्तच जोरात चावल्या.

त्या आठवड्यात अप्पा चार वेळा कचेरीत गेले. चौथ्या वेळी जाहिरातच्या कारकुनाने त्यांना पाहून स्वतःच खुर्ची दिली आणि आपल्या कपाटातल्या फायली कशा लावाव्यात हे विचारलं. दोन तास अप्पांनी त्याचं कपाट लावून दिलं. कदाचित त्यामुळे असेल, अठरा तारखेला तपासणीस आला.

तो उंच, पांढऱ्या शर्टातला, मितभाषी माणूस होता. माईंनी सकाळपासून घर पुसलं होतं. तपासणिसाच्या मागोमाग प्राध्यापकही न बोलावता आले आणि घर्षणाबद्दल सांगू लागले.

"चालू करा," तपासणीस म्हणाला.

अप्पांनी पाया पडताना टेकवावेत तसे दोन्ही तळवे फळीवर ठेवले. करवत किंचाळली, पंखा घोंघावला, पिशवी फुगून रस्त्यावर ओणवी झाली. फळी कापली गेली. तपासणिसाने खिशातून पांढरा रुमाल काढला आणि मेजावरून, कपाटावरून, दाराच्या चौकटीवरून, शेवटी धाकटीच्या पोटाखालूनसुद्धा फिरवला. रुमाल पांढराच राहिला. माईंनी त्याला चहा दिला. त्याने कपात पाहिलं, प्यायला, वहीत बराच वेळ लिहिलं आणि निघून गेला.

"झालं," अप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "बघितलंस? एक कण मिळाला नाही त्याला."

वीस तारखेला सकाळी शिपाई आदेश घेऊन आला. अप्पांनी चष्मा पुसून वाचला. मग पुन्हा वाचला. मग खुर्चीत बसले.

'समक्ष पाहणीच्या वेळी यंत्र चालू असताना सदर जागेत कोठेही धूळ आढळून आली नाही. सबब, धूळ गोळा करण्यासाठी पिशवीची आवश्यकता सिद्ध होत नाही. अर्ज नामंजूर. पिशवी आदेश मिळाल्यापासून सात दिवसांत काढून घ्यावी.'

"अहो, धूळ नाही ती पिशवीमुळेच ना?" माई म्हणाल्या.

"हो."

"मग हे त्यांना कळत नाही?"

"कळतं," अप्पा हळूच म्हणाले. त्यांना त्या तीन ओळींत कुठे नख घालायला जागा सापडेना. इतका निर्दोष नकार त्यांनी स्वतः नोकरीत फक्त दोनदा लिहिला होता. "पण आवश्यकता अर्जदाराने सिद्ध करायची असते. मी धूळ दाखवायला हवी होती. मी घर पुसून बसलो."

मग त्यांची नजर शेवटच्या ओळीवर परत गेली. अर्ज निकाली निघाला होता, म्हणजे पोचेवरची बंदी उठली होती. आणि पिशवीला सात दिवस होते. नकाराने जे दिलं ते परवानगीची वाट बघत बसून मिळालं नव्हतं. ते उठले, पण खाली टॅक्सीचा भोंगा वाजला.

मुलगी वर आली ती छोटीचा हात धरून, सामान न घेता. टॅक्सी तिने थांबवून ठेवली होती. उंबऱ्यात उभं राहून तिने हवा हुंगली, मग कपाटावरून बोट फिरवलं. बोटाकडे पाहिलं.

"माई, आज पुसलंस. उद्या काय?" ती म्हणाली. "अप्पा, रागावू नका. मी आत्याला सांगून ठेवलंय. तिने खोलीही तयार केली आहे."

छोटी आजोबांच्या मागे खोलीत शिरली होती आणि पलंगाच्या उघड्या बाजूतून आत जाऊन बसली होती. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी तो कागद मुलीच्या हातात दिला.

तिने वाचला. "अप्पा, हे तर नामंजूर आहे."

"निकाल नको वाचूस," अप्पा म्हणाले. "कारण वाच."

तिने कारण वाचलं. 'यंत्र चालू असताना' इथे ती थांबली. खालची सही वाचली, शिक्का वाचला, हुद्दा वाचला. वडिलांच्या शब्दावर ती आजवर कधी विसंबली नव्हती, पण शिक्क्याचं वजन तिला त्याच घरात कळलेलं होतं. तिने एकदा खिडकीबाहेरच्या फुलांकडे पाहिलं, एकदा पलंगात बसलेल्या मुलीकडे पाहिलं. छोटी खोकत नव्हती.

"माई," ती म्हणाली, "टॅक्सीवाल्याला हाक मार. सामान वर आणू दे."

मग तिने भिंतीशी जाऊन आत्याला फोन लावला. अप्पा आतल्या खोलीत चौथ्या कठड्याचं माप घेत होते, पण माप घ्यायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ ते त्याच ठिकाणी टेप धरून उभे होते.

"नाही आत्या, इथेच राहतो... हो, मशीन आहे. पण घरात धूळ नाही. मी नाही म्हणत, नगरपालिका म्हणते. सहीशिक्क्याचा कागद आहे... अप्पा, आत्याला तुमच्याशी बोलायचंय."

अप्पांनी फोन कानाला लावला. पलीकडे बराच वेळ नुसती शांतता होती. अक्काच्या घरातली शांतताही पुसलेली असायची.

"असा कागद देतात?" शेवटी अक्काने विचारलं.

"देतात."

"माझ्याकडे कसा नाही? माझं घर तुझ्या घरापेक्षा स्वच्छ आहे. मला अर्ज लिहून दे."

अप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच अक्का त्यांच्याकडे काही मागत होती. उत्तर द्यायची त्यांना घाई नव्हती.

"लिहून देतो, अक्का," ते म्हणाले. "पण त्यासाठी आधी घरात धूळ करावी लागते."